क्रिस्टलच्या पायाला मीटर

अण्णा, तुम्ही वारल्यावर कॉलेज अर्ध्यात सोडून मी तुमच्याच वाटूरच्या रिपेरिंगच्या दुकानात बसतो. पंपाच्या स्टार्टरसाठी बोर्ड बनवून राह्यलोय. एक चिप मोटर सांभाळते, दुसरी आकडे दाखवते. दोन्हींना घड्याळासारखा ठोका लागतो आणि ठोका देणारा क्रिस्टल एकच. मी त्याच्या पायाला वायर जोडून ती सरळ दुसऱ्या चिपला नेली. बोर्ड चालायचा, मधेच मरायचा. मला वाटलं, माझ्या माघारी कुणीतरी हात लावतंय. दुकानात माझ्याशिवाय चुलतभाऊच असतो.

परवा जेवून आलो तर बोर्ड बंद आणि समोरच्या मेडिकलमधली ती, जिच्यापायी माझी झोप उडालीय, त्याच्याशी हसत उभी. माझं डोकंच फिरलं. "इथं कशाला आलीस? काय बोलून राह्यले दोघं?"

"चार्जर न्यायला आल्ते," ती म्हणाली. "कुठं गेल्तीस, कुणाशी बोललीस, रोज तेच. आणखी एकदा विचारलंस ना, मंग माझा नंबर विसरायचा." आणि निघून गेली.

भाऊ म्हणाला, "बोर्डाला बोट न्हाई लावलं मी. तूच दर घडीला त्या क्रिस्टलला मीटर खुपसतो. तिलाबी लाव एकदा!"

त्याचा कानच पिरगाळणार होतो, पण तुम्ही आठवलात. याच टेबलावर तुम्ही एक घड्याळ उघडून बसलाय, मी कौतुकानं क्रिस्टलच्या पायाला मीटरची पिन लावतो, घड्याळ थांबतं, आणि माझ्या हातावर चापट बसते. "चालतोय का बघायला गेलास आणि बंद पाडलास! लई नाजूक थरथर असते त्याची, मीटरचा भारबी सोसत न्हाई. आणि त्याचा ठोका दुसऱ्याला द्यायचा असंल तर मधी बफर टाकावा. क्रिस्टलकडून नुसता इशारा घ्यायचा, जोर बफरनं लावायचा."

काल बफर टाकला. मीटर कपाटात ठेवला. तेव्हापासून बोर्ड बराबर चालू आहे. तरी भावाकडे मी तिरप्या नजरेनंच बघतो.

हा कागद कुठं पाठवणार? ड्रॉवरमधेच राहील. ती आज जाफराबादला आत्याकडे गेलीय, म्हणे. आत्याच आहे का, कुणासोबत गेली, जीपमधे शेजारी कोण होतं, हे विचारायला मी लिहिता लिहिता फोन हातात घेतलाय. तुम्ही असता तर चापट बसली असती.