बरणीतलं मूळ आणि सरांचे वडील

ती. मावशीस,

सोल्बीचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? किमचीचा कोबी एकटी खारवत बसू नकोस, काकांनाही बसव. नुसत्या गप्पा मारतात. मी बरी आहे (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते).

तू डोंगरउतारावर, दर तीन वर्षांनी जागा बदलून वाढवलेलं डोराजीचं औषधी मूळ दिलंस ना (इतके लाड आईने माझेही केले नाहीत), ते मी प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत, अल्कोहोलात भिजत घातलं होतं. त्यातली द्रव्यं उतरली की तो अर्क जांभळ्या रसायनात टाकायचा. जांभळा रंग पिवळा पडला की समजायचं, मुळात ऑक्सिडीकरण रोखायचा गुण आहे. माझी पदवी त्या पिवळ्या रंगावर अडकलेली! बरणीवर मी नाव-तारीख चिकटवली आणि तिथेच घात झाला.

सरांचे वडील गावाहून आले, तेव्हा सर वर्गावर होते. आजोबांनी बघितलं: बरणी, आत मूळ, वर तारीख. अशा बरणीत मुळाची घरगुती औषधी दारू असते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक! त्यांनी पाणी घालून एक पेला घेतला, आणि एकट्याने पिणं बरं दिसत नाही म्हणून दिसेल त्याला ओतत सुटले. ऐंशीच्या माणसाने पुढे केलेल्या पेल्याला नाही कसं म्हणायचं? अख्खी प्रयोगशाळा दोन्ही हातांनी पेला घेऊन, अदबीने तोंड बाजूला वळवून, माझा प्रबंध प्यायली. मी धावत आले तर, "ये गं पोरी, तुझ्याच हातचं ना? घे!" मीही प्यायले. (कडूजहर आहे, मावशी.) तेवढ्यात सर दारात. आता हे ओरडणार, माझी बाजू घेणार, असं वाटलं. त्यांनी वडिलांकडे बघितलं, तोंड वळवलं आणि तळातला शेवटचा पेला रिकामा केला. वर मलाच विचारतात, "पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा आहे, काय दाखवणार आहेस?" मला रडूच फुटलं गं.

तुझी,
सोल्बी

ता. क. मूळ तरी पुन्हा भिजवू म्हटलं, तर ते आजोबा खिशात घालून घेऊन गेले.

आणखी ता. क. बरणी संपायच्या आधी मी एकदा चाचणी केली होती. रंग पिवळा पडला. पण त्याहून लवकर तो आमच्या टेबलावरच्या साध्या जवाच्या चहाने पिवळा पाडला. हे कुणाला बोलू नकोस, काकांना तर मुळीच नाही.

शेवटचा ता. क. काकांच्या साठीला काढायची म्हणून तू दुसरं मूळ सोजू दारूत घालून बरणी भरून ठेवलीयस ना, ती पाठव. आजोबा माझ्या परीक्षेला येतो म्हणालेत, आणि परीक्षक सगळे त्यांच्याहून लहान आहेत.