नापास टाक्यांचा चहा

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (खरा घालायला हरकत नव्हती, पण गेला आठवडाभर कंबर धरली आहे आणि एकदा आडवा झालो की उठवायला माणसे लागतात, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतोस की नुसता त्यांच्या नावाने खडे फोडतोस? वहिनी गेल्यापासून तू फोनवर "ठीक आहे, ठेवतो" यापलीकडे काही बोलत नाहीस, आणि मीही "बरं" म्हणून ठेवून देतो. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटत राहते, म्हणून म्हटले या खेपेला सविस्तर पत्रच लिहावे. आधीच सांगून टाकतो की हे पत्र काही मागण्यासाठी नाही. आपल्या घरात कामाशिवाय कुणी कुणाला पत्र लिहीत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझे खरोखरच तुझ्याकडे काही काम नाही. अक्षर नेहमीपेक्षा वेडेवाकडे दिसेल, कारण उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या आहेत. त्यामागचे कारण असे की मी हल्ली गोधड्या शिवतो.

हसून झाले असेल तर पुढे वाच. निवृत्त झाल्यावर माझे काय झाले होते ते तुला माहीत नाही. उभी हयात लोकांच्या लिफ्ट तपासण्यात गेली. या तारेत दोष, त्या दारात दोष, नापासाचा शिक्का, की पुढची इमारत. ते सगळे अचानक थांबले आणि तपासायला माझ्या हाती फक्त घर उरले. कपाटाची दारे किती अंशात उघडतात हे मी पाहू लागलो. दूध उतू जाण्याआधी हिला सूचना देऊ लागलो. (दूध त्याआधी कधीच उतू जात नव्हते, सूचना ऐकता ऐकता जाऊ लागले.) शेवटी एका गुरुवारी हिने मला चपला घालायला लावल्या आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत नेऊन बसवले. तिथे हिची गोधडीमंडळी जमतात. मी डोळ्यांसमोर राहावे आणि कशाला हात लावू नये एवढाच हिचा हेतू होता. मला सुयांमध्ये दोरा ओवायचे काम दिले होते.

पण दादा, कसे सांगू तुला! मधल्या टेबलावर कापडांचा ढीग पडला होता. कुणाचा विटलेला पडदा, कुणाच्या फ्रॉकवरची फुले, कुणाच्या पायजम्याच्या रेघा. एरवी ज्यांनी कपाट पुसायचे, अशी ती कापडे. आणि समोर बसलेली बाई त्यातले दोन तुकडे नुसते शेजारी शेजारी धरते, मान तिरकी करून बघते, एक बदलते, पुन्हा बघते, आणि एकदम दोन्ही तुकडे नवे दिसायला लागतात. मी दोरा ओवायचा विसरून तोंड उघडे टाकून बघत राहिलो. घरी येताना मी हिला विचारले की निळ्याशेजारी विटकरी कसा दिसेल, तेव्हा ही रस्त्यातच थांबली. लग्नानंतर मी रंगाविषयी विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता म्हणे.

आता मंडळींची ओळख करून देतो. मुख्य आहेत मेट्रनबाई. मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून ड्यूटीवर आहे. त्यांच्या शेजारी बसतात त्या कंडक्टरबाई. त्या सकाळची बस संपवून गणवेशातच येतात आणि बोलतात अशा, की मागच्या दारातल्या माणसालाही ऐकू जावे. तिसरे दंतवैद्य. पुरुषांत मी येण्याआधी ते एकटेच होते, आणि त्यांचे टाके इतके बारीक की बघणाऱ्याचे दात शिवशिवतात. चौथी आमची ही. सध्या सगळे मिळून एक मोठी गोधडी करत आहेत, ती त्याच रुग्णालयातल्या मुलांच्या खोलीसाठी. तिथल्या खाटांवर करडी ब्लँकेटे असतात आणि पडून पडून कंटाळलेल्या पोरांना बघायला छताशिवाय काही नसते, असे मेट्रनबाई सांगतात. त्या गोधडीत प्रत्येकाचे चौकोन बसणार. तर माझाही एक बसावा, एवढीच माझी इच्छा. एखादे पोर माझ्या चौकोनावरून बोट फिरवत पडले आहे असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येते, आणि खरे सांगतो, नोकरीत बढती मिळावी म्हणून मी कधी इतका झुरलो नव्हतो.

पण तिथला कायदा कडक आहे. टाका तांदळाच्या दाण्याहून लांब असता कामा नये. चौकोन पुरा झाला की मेट्रनबाई "कुणाचा?" म्हणून विचारतात, मग डोळे मिटून त्याच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवतात. अंगठा अडला की चौकोन नापास. तिथल्या तिथे त्या कात्रीच्या टोकाने सगळे उसवतात, आणि ज्याचे उसवले त्याने त्या दिवशी कोपऱ्यातल्या शेगडीवर सगळ्यांचा चहा करायचा. आयुष्यभर मी लोकांना नापास केले. त्या लोकांना काय वाटत असेल हे मला त्या कात्रीचा आवाज ऐकताना कळले.

सुरुवातीला मी नापास होत होतो ते अगदी योग्यच होते. पहिल्या चौकोनासाठी तुकडे कापायचे होते. पुठ्ठ्याचा एक नमुना असतो, प्रत्येक तुकडा त्यावर ठेवून कापायचा. मी म्हटले, पुठ्ठा सारखा कोण शोधणार? कापलेल्या तुकड्यावर ठेवून दुसरा कापला, दुसऱ्यावर ठेवून तिसरा. प्रत्येक वेळी कात्री खडूच्या रेघेच्या केसभर बाहेरून गेली. केसभर, केसभर करत शेवटचा तुकडा उशीच्या अभ्र्याएवढा झाला. (लिफ्टच्या बाबतीत असे कुणी केले असते तर मी त्याला फाडून खाल्ले असते.) दंतवैद्यांनी तो तुकडा दोन्ही हातांनी वर धरून विचारले की हा दरवाजाला लावायचा आहे का. पुढच्या गुरुवारी तुकडे नेमके कापले, पण मांडीवर ठेवून असे मन लावून शिवले की निकाल ऐकायला उभा राहिलो तेव्हा चौकोन माझ्याबरोबर उभा राहिला. पँटच्या डाव्या पायाला तो पक्का शिवला गेला होता. मेट्रनबाईंनी डोळे मिटून अंगठा पुढे केला होता, आणि तो कुठे टेकला हे मी पत्रात लिहीत नाही. कंडक्टरबाई इतक्या हसल्या की पुस्तके वाचायला आलेली माणसे दारात जमली.

चहा मात्र मी करत राहिलो. पहिल्या दिवशीचा चहा म्हणजे भांडी विसळलेले पाणी होते हे मी मान्य करतो. पण तू मला ओळखतोस, एखाद्या गोष्टीच्या मागे लागलो की मी तिचा पिच्छा सोडत नाही. आले किती ठेचायचे, पाणी कधी उतरवायचे, झाकण किती वेळ ठेवायचे, सगळे मी यंत्राच्या चाचणीसारखे तपासून ठरवले. हळूहळू लोक कप रिकामा झाल्यावर त्यात पुन्हा डोकावू लागले. त्याच वेळी माझे टाकेही सुधारले. घरी मी रोज दुपारी जुन्या पडद्याच्या तुकड्यावर सराव करायचो. दंतवैद्यांनी खिशातला छोटा आरसा काढून माझे टाके मागून पाहिले आणि हळूच म्हणाले की यात कीड नाही. तरी मेट्रनबाईंचा अंगठा दर गुरुवारी अडायचाच. अडायचा, कात्री चालायची, आणि मी शेगडीकडे. मी घरी येऊन तोंड पाडून बसायचो. ही म्हणायची, होईल, होईल. पण म्हणताना ती माझ्याकडे बघत नसे.

तपासनिसाला शंका यायला एवढे पुरे असते. आम्हा दोघांचे चौकोन घरच्याच निळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या पडद्याचे होते, एकासारखा एक. गेल्या गुरुवारी मी निघताना पिशवीत त्यांची अदलाबदल केली. तिथे गेल्यावर हिने न बघता माझा चौकोन आपला म्हणून पुढे केला. मेट्रनबाईंनी "कुणाचा?" विचारले, ही "माझा" म्हणाली, अंगठा सरकन फिरला, आणि त्या म्हणाल्या की असे टाके घालायला हात पाहिजे. मग मी हिचा चौकोन पुढे केला आणि "माझा" म्हणालो. अंगठा पहिल्याच कोपऱ्यात अडला. मेट्रनबाईंनी खेदाने मान हलवली आणि कात्री लावली. अर्धी बाजू उसवून होईपर्यंत हिचे लक्ष नव्हते. मग तिने आपली गाठ ओळखली. (ही गाठ मारून दोरा दोनदा उलटा घालते, तसे दुसरे कुणी करत नाही.)

"अहो, थांबा, तो माझा आहे!"

मेट्रनबाईंची कात्री थांबली. दंतवैद्य खिशातल्या आरशात स्वतःचे दात बघू लागले. शेवटी कंडक्टरबाईंनीच तोंड उघडले. त्या म्हणाल्या, "काय करणार साहेब, तुम्ही पास झालात तर चहा कोण करणार? आम्हाला आता दुसऱ्याच्या हातचा घशाखाली उतरत नाही." म्हणजे कित्येक गुरुवार माझे धडधाकट टाके केवळ चहासाठी उसवले गेले, आणि माझ्या स्वतःच्या बायकोला ते माहीत होते! मी रागवायचे ठरवले होते. पण तोंडावर राग आणायला गेलो तर हसूच फुटले, आणि मग कुणालाच आवरेना. माझ्या हातचे काहीतरी लोकांना इतके हवेसे वाटते हे मला या वयात पहिल्यांदाच कळले, तेव्हा रागवायचे तरी कुणावर?

तरीही कायदा तो कायदा. चौकोन हिचा उसवला गेला, तेव्हा त्या दिवशीचा चहा हिने केला. सगळ्यांनी तो मुकाट्याने संपवला. (याविषयी घरी बोलायला बंदी आहे.) हिने सूड म्हणून माझा पास झालेला चौकोन परत माझ्या पिशवीत कोंबला आणि स्वतःचा नव्याने शिवून आपल्या जागी लावला. मग सर्वांनी माझ्यासमोर बैठक घेऊन निकाल दिला तो असा: गोधडीचा एक कोपरा रिकामा आहे, माझा चौकोन तिथे बसू शकतो, मात्र त्याआधी माझ्या जागी नापास व्हायला आणि चहा करायला दुसरा माणूस मिळाला पाहिजे. पुढच्या महिन्यात गोधडी रुग्णालयात जाणार. तोवर माणूस मिळाला नाही, तर त्या कोपऱ्यात दंतवैद्यांच्या कोटाचा तुकडा जाईल. बैठकीत हे ऐकून मला हसू आवरले नाही, पण घरी आल्यावर तो रिकामा कोपरा डोळ्यांपुढून हलेना. अजून हलत नाही.

असो. सांगण्यासारखे आणखी काही नाही. गुडघ्याला शेक देत जा, आणि जेवण उभ्या उभ्या उरकू नकोस. इकडे सर्व मजेत आहेत.

तुझा धाकटा

ता. क. वर लिहिले ते खरेच आहे, मला काही काम नाही. पण सहज विचारतो, पुढच्या आठवड्यात तू काय करतो आहेस? आमची मागची खोली रिकामी आहे, जिने चढावे लागत नाहीत, आणि लिफ्ट मी स्वतः तपासली आहे. तू कधी सुई हातात धरली नाहीस हे मी मंडळींना सांगून ठेवले आहे, आणि ते ऐकून सर्वांना फार आनंद झाला. चहाची रीत मी तुला एका दिवसात शिकवीन. महिनाभर नापास झालास की पुरे, नंतर तुझ्यासाठी दुसरा कुणीतरी शोधू.

ता. क. आणखी एक. महिना झाल्यावर गेलेच पाहिजे असे नाही.

भाऊजींना नमस्कार. पत्र पाकिटात घालून टाकायला यांनी माझ्याकडे दिले आहे, म्हणून चार ओळी मी लिहिते. बैठक, अट, नवा माणूस, हे सगळे आम्हीच ठरवून केलेले नाटक आहे. गुरुवारची ती फजिती झाल्यावर मेट्रनबाईंनी यांच्या पाठीमागे स्वतःच्या हाताने यांचा चौकोन त्या कोपऱ्यात शिवला, आणि यांना दिसू नये म्हणून गोधडी आपल्या घरी नेऊन ठेवली. यांच्या पिशवीत जो आहे तो मी शिवलेला त्याच्यासारखा दुसरा. चहा यापुढे आळीपाळीने करायचा असेही ठरले आहे. हे रोज जेवताना म्हणतात की दादा तिकडे एकटा आहे, पण तुम्हाला "ये" म्हणून सांगायची यांची जीभ रेटत नाही, आणि बोलावल्याशिवाय तुम्ही यायचे नाही. तुम्हा दोघा भावांना भेटायलासुद्धा काम लागते, म्हणून आम्ही एक काढून दिले. तेव्हा नक्की या, आणि राहायच्या बेताने या. मात्र यातले यांना काही सांगू नका. आपण दादाला बोलावले म्हणून पास झालो, असेच त्यांना वाटू दे.