जोडीचं टोकन

३ मार्च १९५८, सोमवार

आले एकदाची भिलाईला! गोंदियाहून पॅसेंजरनं दुर्ग, आणि तिथून ठेकेदाराच्या ट्रकमध्ये सिमेंटच्या पोत्यांवर बसून मरोदा, नव्या पोलाद कारखान्याच्या साइटवर. उतरले तेव्हा माझी अंजिरी साडी राखाडी झाली होती. अंजनामावशीनं आधी मला झटकलं, मग जवळ घेतलं. तिच्याच खोलीत राहणार आहे. बाबा रेल्वेत पॉइंट्समन. त्यांचं म्हणणं होतं की मॅट्रिक झालीस तर मास्तरीण हो. मास्तरीण काय, सगळ्याच होतात. मी टाइमकीपर झाले! पंपघराच्या पायावर साठ रेजा आहेत, म्हणजे माती-गिट्टी वाहणाऱ्या बाया. त्यांची हजेरी आजवर पुरुषच घेत आले. मुकादम फकिरानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "आता बाया हजेरी घेतीन, मंग आमी का भाकरी थापाव?" मी म्हटलं, थापा, फक्त गोल थापा. बाया खो खो हसल्या. झकास सुरुवात झाली.

८ मार्च, शनिवार

कामाची पद्धत कळली. ऑफिसच्या भिंतीवर लाकडी बोर्ड, त्याला साठ खिळे, प्रत्येक खिळ्याला नंबराचं पितळी टोकन. आत येताना बाईनं आपलं टोकन काढून कमरेला खोचायचं, बाहेर जाताना परत टांगायचं. बोर्ड भरला म्हणजे साइट रिकामी. पायाच्या खड्ड्यात काँक्रीट ओतण्याआधी मी बोर्ड बघून चिठ्ठीवर सही करायची: खाली कुणी नाही. सही झाल्याशिवाय मिक्सर हलत नाही.

मैनाबाई, नंबर सदतीस, साकोलीकडची. चार महिन्यांचं बाळ पळसाखाली झोळीत ठेवते. घरी लवकर जायचं तर आधीचे बाबू अख्खा दिवस गैरहजर लावायचे. मी नवा नियम केला. दोघी-दोघींच्या जोड्या. एकीला जायचं असलं तर तिनं टोकन जोडीदारणीजवळ द्यावं, दुसरीनं सुटीला दोन्ही टांगावीत, म्हणजे दोघींचा दिवस भरतो. मैनाबाई माझ्या पाया पडायला वाकली, मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! म्हणाली, "आमचा कोनं इचार केला होता जी आजवर? तुमच्यासाटी कायबी करीन."

२ एप्रिल

जोडीमुळे गैरहजेरी निम्म्यावर आली. साइटच्या इंजिनिअर साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. पहिला पाया वेळेत भरला तर मुख्य टाइमकीपरची जागा मला मिळेल म्हणे. अख्ख्या साइटवर त्या खुर्चीत बाई बसलेली नाही. मला ती खुर्ची हवी आहे. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? हवीच आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

पाया भरला. दुपारी दोनला, उन्हानं डोकं फुटत असताना, बोर्ड पाहिला. साठच्या साठ टोकनं. सही केली. मिक्सर सुरू झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पेढे मागवले.

संध्याकाळी निघताना पळसाखालून बाळाचं रडणं ऐकू आलं. मैनाबाईचंच. विसरून गेली की काय?

१८ एप्रिल

मैनाबाई कालपासून घरी नाही.

तिची जोडीदारीण मनकर्णा, जिनं काल बाळ आपल्या घरी नेलं, सांगत होती. मैनाबाईला ताप भरला होता. तिनं टोकन हातात दिलं, जरा पडते म्हणाली. मनकर्णाला वाटलं घरी जाऊन पडते. सगळ्यांबरोबर बाहेर पडताना तिनं दोन्ही टोकनं टांगली. पाठ टेकण्याइतकी गार सावली होती ती फक्त खड्ड्यात, काँक्रीटला आकार देणाऱ्या शटरिंगच्या फळ्यांमागे.

बाळ वर होतं. बाळाला सोडून ती कुठे जाणार?

१९ एप्रिल

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पळून गेली असेल, रेजा पळतात. पाया फोडायला लावला तर चिठ्ठीवर सही कुणाची ते निघेल. मग हळू आवाजात म्हणाले, एक बाई ठेवली आणि हे झालं, असं लोक म्हणतील. पुन्हा दुसरीला कोण ठेवील?

मी 'बरं' म्हणून हजेरीला परत गेले. बाकीच्यांचं भलं बघितलं, असं स्वतःला सांगितलं. खोटं. खुर्ची बघितली मी.

२८ एप्रिल

मुख्य टाइमकीपरचं पत्र आलं. मला आता स्वतःचं टोकनही आहे, स्टाफचं नंबर एक; त्याच्यासाठी बोर्डाच्या वरच्या कडेला वेगळा खिळा ठोकला. मावशीनं शिरा केला. तसाच वाटीत ठेवून उठले.

सकाळी गेट उघडण्याआधी मीच ऑफिस उघडते. किल्ली माझ्याकडेच असते. सदतीसचा खिळा रिकामा होता. सुटीच्या वेळी टोकन परत खिळ्यावर. हात लावला तर ओलं. बोटांना सिमेंट लागलं.

६ मे

रोज तसंच. सकाळी गायब, सुटीला परत, ओलं.

आज हजेरीत छत्तीस म्हटलं, मग अडतीस. मधल्या जागेत कुणीतरी "हाव जी" म्हणालं. सगळ्या बायांनी एकदम खाली पाहिलं. त्यांनाही ऐकू येतं. मनकर्णा म्हणते, बाळ तिच्या घरचं दूध पीत नाही. संध्याकाळी पळसाखालच्या झोळीतून काढावं तर पोट टम्म भरलेलं आणि ओठांना राखाडी काहीतरी लागलेलं. बाळ बाळसं धरतं आहे म्हणे. हे सांगताना ती रडत होती.

११ मे

आता दुसऱ्यांची टोकनंही टांगली जातात. एखादी नुसती म्हणाली की जीव घाबरला, जरा पडावंसं वाटतं, तर कमरेचं टोकन नाहीसं होतं आणि बोर्डावर जातं. बाई अजून खड्ड्याच्या काठावर, टोकन खिळ्यावर. टोकनावर चार बोटांचे ठसे.

मैनाबाई सूड घेत नाही. ती जोडी निभावते आहे. साऱ्यांची. मला याचीच जास्त भीती वाटते.

१३ मे

जोडी बंद, असं ओरडून सांगितलं. बाया म्हणाल्या, आमी कुठं करून राहिलो बाई. खरंच आहे.

परवा दुसरा खड्डा भरायचा. फकिरा म्हणतो आता माझी सही नसली तरी चालेल. बोर्ड भरलेला असला की त्याचा अंगठा पुरे. साहेबांनी तसं ठरवलं आहे. काम लवकर व्हावं म्हणून.

१४ मे

झोप नाही. एखादी बाई मैनाबाईसारखी जरा पडली तर —

मी ठरवलं. साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवणार. सगळं खरं लिहिलं. सही माझी, चूक माझी, पहिला पाया फोडा, तिला बाहेर काढा, तिच्या बाळाला सांगण्यासारखं काहीतरी उरू द्या. खुर्ची जाऊ दे. बाबांना तोंड कसं दाखवू ते नंतर बघू.

आणि पत्र दाबतील हे मला ठाऊक आहे. म्हणून उद्या गेट उघडण्याआधी मी स्वतः खड्ड्यात उतरून बसणार. माझं टोकन माझ्याजवळ. एक नंबरचा खिळा रिकामा, म्हणजे बोर्ड अपुरा, म्हणजे काँक्रीट पडणार नाही. साहेबांना यावंच लागेल.

१५ मे, सकाळ

पत्र टेबलावर ठेवलं, ऑफिस उघडं ठेवलं आणि खाली उतरले. वही मांडीवर. सगळे कोपरे पाहिले, दुसरं कुणी नाही. टोकन पदराच्या गाठीत घट्ट बांधलं आहे. उन्हं वरच्या कडेला आली. फळ्यांमागे छान गार आहे. भीती वाटते, पण गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच छातीवरचं ओझं उतरलं. रात्रभर जागी आहे. जरा पाठ टेकावी असं —

नाही. असं म्हणायला नको होतं.

थोड्या वेळानं

गाठ सुटली आहे. पदर ओला. चार बोटं.

टोकन नाही.

वर फकिराचा आवाज. बोर्ड भरला म्हणतो, सदतीसही जागेवर. शिडी वर ओढली. मी ओरडते आहे, मिक्सर सुरू — कुणाला ऐकू —

फळीमागे कुणीतरी आहे. अगदी मायेनं बोलते. म्हणते, तुमचंबी लावून देल्लं बाई. पडा आता जरासं. मी हावो ना जोडी

वरून खडी प