डोंगरवालीच टूर

सुबोध,

व्हिसाचे फोटो काढायला नाक्यावर गेलेय. कुकरची वाफ जाऊ दे, तोवर हे वाच.

सायकल टूरचं मी ठरवून टाकलं! इटलीतली डोंगरवालीच. तू रोज बघतोस आणि मी आले की लॅपटॉप मिटतोस ना, तीच. नदीकाठची सपाट टूर बघता बघता मलाच झोप आली. डोंगरवालीत गाइड सोबत आहे, मागून व्हॅन आहे. डॉक्टरांनाही विचारलं. तुला स्टेंट बसवून वर्ष झालं, सायकल चालवू दे म्हणाले, फक्त दम लागेपर्यंत नको.

सप्टेंबरची बॅच गणपतीत येत होती, म्हणून जूनची घेतली. जेवणाच्या रकान्यात मी लिहिलं, सोमवार-गुरुवार शाकाहारी, बाकी दिवस मासे. तिथल्या बाईने उलट विचारलं, ही ॲलर्जी दर आठवड्याला होते का? मी हो म्हणून टाकलं. कोण समजावत बसणार, यार!

तुझ्या नावावर साधी सायकल सांगितलीय, माझ्या नावावर बॅटरीवाली. आपली उंची सारखीच, त्यामुळे सीट वरखाली करायला नको.

आता ऐक. सकाळी फिरताना पुलाचा चढ लागला की तू बुटाची लेस बांधायला थांबतोस. तुझ्या बुटांना वेल्क्रो आहे रे. मी कधी बोलले नाही.

तिकडे चढ लागला की लेस बांधायला मी थांबेन. तू माझी सायकल घे आणि पुढे हो.

हेमांगी