मामाची जागा

यावल

लाडक्या ज्ञाना,

रुसला असलास तरी थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे.

फोनवर तू म्हणालास, "अक्का, चाळीसच माणसं? हाई लगीन शे का बारसं?" मला हसू आलं, पण तू "मी येत नाही" म्हणून फोन ठेवलास.

माझ्या दिपमालाची अन् सुयशची ओळख केळीच्या रोपवाटिकेत कामाला असताना झाली. म्हणून लग्न त्यांना तिथंच, रोपांच्या मांडवात करायचंय. डीजे नाही, आहेर नाही. वरण-बट्टी अन् वांग्याची भाजी, तीही दोघं स्वतः वाढणार. जावई आतापासून माझ्यासमोर बट्ट्या वळायला बसतो. वाकड्या होतात, पण गडी हटत नाही.

भाऊबंदांत नाक जाईल म्हणतोस. अरे, नाक सांभाळताना भाची हातची जाईल! मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मी तिला विचारलं, "चुलतमामाला उभं करू का?" ती म्हणाली, "आई, मामाची जागा उसनी देत नाहीत. नाही आले तर मोकळी राहील."

लग्न रविवारीच होईल, माणसंही चाळीसच. त्यात बदल नाही. पण पोरीच्या पाठीशी मोकळी जागा मला बघवणार नाही.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. कागद तू न वाचता ठेवून देशील. मला दारातून परत पाठवणं तुला जमायचं नाही. सकाळच्या एसटीनं धुळ्याला येते. दार उघडलंस की एवढंच म्हणेन, "ज्ञाना, चप्पल घाल."

तुझ्याहून थोरली अन् तुझ्याहून हट्टी,
प्रमिलाअक्का