अपूर्वच्या ठोक्यांचा आलेख

९ फेब्रुवारी, सोमवार

आज बीएस्सीच्या पोरांना प्रॅक्टिकलला स्वतःचीच नाडी घ्यायला लावली. सेन्सरवर बोट ठेवायचं, सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, फिल्टर लावून साफ करायचा. एरवी वर्गात जांभया देणारे आज कसे टक्क जागे होते!

अपूर्वच्या स्क्रीनवर मात्र ठोके मध्येच गळून राहिले होते. "मॅम, नॉइज है. फिल्टर लगा दूँ?" मी ओरडलेच— हात नको लावू! नॉइज असा नसतो. एक ठोका लवकर, मग लांब खंड, परत तसंच. शनिवारी याची सैन्यभरतीची दौड आहे!

१० फेब्रुवारी

अपूर्वला बाजूला घेऊन सांगितलं— आधी ईसीजी, मग दौड. चेहराच पडला. "मॅम, ये आख़िरी मौक़ा है. इसके बाद उमर निकल जाएगी." मग हळूच मराठीत, "घरी नका सांगू नं."

घरी आमच्या ह्यांचं वेगळंच. "तू काय डॉक्टर आहेस? काहून त्या पोराच्या मागं लागली?" अहो, पण धावता धावता कोसळला तर?

१२ फेब्रुवारी

अजून ईसीजी नाही. "दौड़ के बाद" म्हणे! एक ठेवून द्यावीशी वाटली.

१३ फेब्रुवारी

सांगून टाकलं. खमरियाला, फॅक्टरीच्या वसाहतीत, त्यांच्या क्वार्टरवर गेले, त्याच्या आईला मोबाइलवर आलेखाचा फोटोच दाखवला. ती म्हणाली, "दीदी, बरं झालं तुम्ही आल्या." अपूर्वने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१४ फेब्रुवारी

नाही धावला. आईने दाराला कुलूप घालून किल्ली पदराला बांधली म्हणे. वाचला पोरगा! आता मला किती का शिव्या देईना.

१६ फेब्रुवारी

ईसीजी साफ. इकोही साफ. डॉक्टर हसले म्हणे— "ये लड़का तो दौड़ने के लिए ही बना है!" रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवून अपूर्व निघून गेला. हाक मारायची हिंमत झाली नाही. काय चुकलं माझं? सिग्नल तर डोळ्यांनी पाहिला होता!

१७ फेब्रुवारी

त्याचा प्रोग्राम उघडून बघितला. नवं रेकॉर्डिंग वाचलंच गेलं नव्हतं. मेमरीत आधीचं पडून होतं, तेच स्क्रीनवर आलं. मेमरी रिकामी करायची राहिली— माझ्याकडून. पोरं यायच्या आधी त्याच कॉम्प्युटरवर मी सेन्सर तपासला होता.

बोट माझं होतं.