फ्रेंच सिरीजमधली आई

आई,

वरण-भात झाकून ठेवलाय, गरम करून घे. मी फरीदाबादला साकेतकडे चाललेय. आज त्याच्या मुलीचं बारसं आहे, आणि आत्या मी एकटीच आहे. शेजारच्या काकूंनी विचारलं तर तू सांगतेस तसा साकेत अजून कॅनडातच आहे, घाबरू नकोस.

आपली ती फ्रेंच सिरीज तू आज संपवून टाक. मला आवडली, खोटं कशाला बोलू? तो समुद्र, ते घर, सगळ्यांच्या तोंडाला लागलेली कुलुपं, समोरून उठवतच नाही. पण योगायोग जरा अतीच आहेत यार, आणि हिंदी डबिंगमध्ये सगळे एकाच आवाजात रडतात.

घराबाहेर काढलेल्या त्या मुलासाठी काल तू ओढणीने डोळे पुसत होतीस. साकेतने शाहीनशी लग्न केल्यापासून त्याच्यासाठी तुला रडताना मी कधी पाहिलं नाही.

शेवटचा भाग मी तुझ्याआधीच बघितला, सॉरी. तो मुलगा आपलं बाळ घेऊन येतो, बेल वाजवतो आणि आई दार उघडते.

बाकी सगळं चालवून घेतलं मी. तेवढंच पटलं नाही.

मयुरा